चावी आत, आपण बाहेर: बडोद्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

उत्तरायणाला बडोद्यात सकाळपासून सगळं शहर गच्चीवर असतं. १४ जानेवारीला वारा चांगला सुटला की पतंगवाले खूश; पण तोच वारा गॅलरीतून घरात शिरतो आणि पुढच्या दारातून बाहेर पडतो. आमच्या इथल्या पहिल्या उत्तरायणाला मुलांना जेवायला बोलावून आणू म्हणून मी दार नुसतं लोटून वर निघाले. अर्ध्या जिन्यात असतानाच खाली धाडकन आवाज झाला. नाइट लॅच, दार ओढलं की आपोआप लागणारा! चावी आत खुंटीला, मोबाइल आत चार्जिंगला, गॅसवर कुकर, पायात मुलाची स्लिपर. आणि वर "काप्यो छे"चा गजर.

त्या दिवशी मी एकूण एक गोष्ट उलट्या क्रमाने केली. आधी लॅचशी झटापट, मग रडकुंडीला येणं, मग चावीवाल्याची शोधाशोध, आणि कुकर आठवला तो दाराआडून तिसरी शिट्टी ऐकू आली तेव्हा. नोकरीनिमित्त नाशिक-पुण्याकडून गोत्री, मांजलपूर, वाघोडिया रोड अशा भागांत राहायला येणारे, अजून कुणाशी ओळख नसलेले लोक बरेच भेटतात. त्यांच्यासाठी हा क्रम सरळ करून लिहितेय.

आधी दार नाही, आतलं घर

दारासमोर उभं राहून पहिला प्रश्न: आत कोण आहे आणि काय चालू आहे?

आत लहान मूल एकटं असेल, किंवा म्हातारं माणूस कडी लावून पडलं असेल आणि ओ देत नसेल, तर पुढचं काहीही वाचू नका. १०१ वर अग्निशमन दलाला फोन करा, किंवा सरळ ११२. माणूस पडलंय असं वाटत असेल तर सोबत १०८. मूल आत अडकलं म्हणून दार उघडून देणं हे अग्निशमन दलाचं नेहमीचं काम आहे. आग लागलेली नसताना कसं बोलावू, हा संकोच नको. पत्ता सांगताना सोसायटीचं नाव, टॉवर, मजला आणि जवळची खूण सांगा. बडोद्यात एकाच नावाच्या सोसायट्या दोन-दोन भागांत निघतात. गाडी येईपर्यंत एकाने दाराला तोंड लावून मुलाशी बोलत राहायचं. ओरडायचं नाही. "कडी वर कर", "गोल बटण फिरव" असं एका वेळी एकच सांगायचं. मूल घाबरलं तर ते सगळं सोडून दारापासून लांब पळतं.

मग गॅस. आमच्याकडे पाइपचा गॅस आहे. उभी लाइन डक्टमधून वर जाते आणि आमच्या घराच्या फाट्यावर, जिन्याच्या खिडकीतून हात पोहोचेल अशी एक झडप आहे. दांडा पाइपच्या दिशेत असेल तर चालू, आडवा केला की बंद. हे मला माहीत नव्हतं, समोरच्या बेनना माहीत होतं. त्यांनी येऊन दांडा फिरवला आणि कुकर गप्प झाला. तुमच्या इमारतीत ही झडप कुठे आहे ते आजच संध्याकाळी बघून ठेवा. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. बाहेरून गॅस बंद केला की शेगडी विझते, पण तिचा कॉक उघडाच राहतो. घरात शिरल्यावर आधी शेगडीचे सगळे कॉक बंद करायचे आणि मगच बाहेरची झडप उघडायची. हे उलटं झालं तर स्वयंपाकघरात गॅस भरत राहील.

घरात सिलिंडर असेल आणि शेगडीवर काही चालू असेल तर बाहेरून करण्यासारखं काही नसतं. जळका वास किंवा धूर येऊ लागला की वाट न बघता १०१. गॅसचा वास येत असेल तर बेल दाबू नका.

इस्त्री किंवा गिझर चालू राहिलाय? तळमजल्यावर मीटरच्या खोलीत जा. तिथे प्रत्येक मीटरजवळ त्या त्या घराचा मेन स्विच असतो. फक्त आपलाच बंद करा. मीटरवर घर नंबर खडूने लिहिलेले असतात आणि निम्मे पुसलेले असतात, म्हणून वॉचमनला सोबत घ्या. शेजाऱ्यांच्या घरी ऐन मॅचच्या वेळी लाइट घालवलात तर दार उघडायला कुणी मदतीला येणार नाही.

दार ओढलं गेलंय की लॉक केलंय?

आतलं निवांत असेल तर आता दाराकडे वळा. पुढचं सगळं याच एका प्रश्नावर ठरतं. चावीवाला काय करणार, किती वेळ लागणार, पैसे किती जाणार, कुलूप वाचणार की नाही, सगळं.

दार नुसतं ओढलं गेलं असेल तर लॅचची स्प्रिंगवाली तिरकी जीभ तेवढी चौकटीत गेलेली असते. चावी फिरवून लॉक केलं असेल तर चौकोनी, जाड दांडा आत गेलेला असतो. पहिल्या प्रकारात सराईत माणूस बहुतेक वेळा काही न तोडता दार उघडतो. दुसऱ्या प्रकारात कुलूप पिनांनी उघडावं लागतं, त्याला वेळ आणि हात दोन्ही लागतात, आणि तेही नाही जमलं तर कुलपाचा सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो गाभा, ड्रिल करावा लागतो. म्हणून दोन्हींचे पैसे सारखे नसतात.

कधी कधी प्रकार तिसराच असतो. पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास, लाकडी दारं फुगतात. चावी आहे, भोकात जातेय, पण फिरत नाही. लोकांना वाटतं लॉक गेलं. दार मुठीला धरून जोरात आपल्याकडे ओढून धरा आणि मग चावी फिरवा; नाही जमलं तर खांद्याने आत दाबून फिरवा. दहातली किती दारं अशी उघडतात ते सांगत नाही, पण आमचं दर पावसाळ्यात असंच उघडतं. तेल घालू नका, विशेषतः खोबरेल. धूळ धरून आतल्या पिना चिकट होतात. शिसपेन्सिलीच्या शिशाची पूड चावीवर चोळली तर चालते.

दुसऱ्या बाजूने चावी तशीच लावलेली राहिली असेल तर बऱ्याच सिलिंडर लॉकमध्ये बाहेरची चावी पूर्ण आत जात नाही. म्हणजे तुमच्या हातातली चावी चुकीची नाही, आतली काढलेली नाही. चावी तुटून अर्धी भोकात राहिली असेल तर दुसरी चावी घालून ती ढकलू नका; टोक बाहेर दिसत असेल तर बारीक तोंडाच्या पकडीने सरळ ओढा, दिसत नसेल तर हात लावू नका.

आणि हसू नका, पण टॉवर बघून घ्या. आमच्या ओळखीतल्या एकाने नव्या सोसायटीत पहिल्याच आठवड्यात बी टॉवरऐवजी सी टॉवरमधल्या पाचव्या मजल्यावर वीस मिनिटं चावी फिरवली होती. आतले लोक घरीच होते.

डिजिटल लॉक असेल तर घाबरायचं कारण कमी. त्यातले सेल संपत आले की ते बरेच दिवस आधी पिरपिर करून सांगतं आणि आपण ऐकत नाही. पूर्ण बंद पडलं तरी बहुतेक मॉडेलना खालच्या कडेला दोन ठिपके असतात. तिथे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून धरायची आणि ती न सोडता पासवर्ड टाकायचा. काही नव्या लॉकना त्याऐवजी टाइप-सीचं भोक असतं, पॉवर बँक लावली की जागं होतं. लॉकच्या टोपणाखाली साध्या चावीचंही भोक असू शकतं. ती चावी घरातल्या ड्रॉवरमध्ये ठेवायची नसते, हे सांगायला नको. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला तर लॉक काही मिनिटं बंद होऊन बसतं, तेव्हा थांबा.

काय करायचं नाही

शेजारच्या गॅलरीतून आपल्या गॅलरीत जायचं नाही. "एवढंसं तर अंतर आहे" असं म्हणणारा कुणीतरी उत्साही मुलगा प्रत्येक मजल्यावर असतो. त्याला हाताला धरून बसवा. डक्टमधले सांडपाण्याचे पाइप प्लॅस्टिकचे असतात, ते माणसाचं वजन घेत नाहीत. खिडकीवरचा छज्जा पावसासाठी असतो, पायांसाठी नाही.

सिनेमात बघून एटीएमचं कार्ड फटीत घालू नका. मी घातलं. कार्ड खिशात होतं तेवढंच, तेही मधोमध तुटलं. मग घर बंद, मोबाइल बंद आणि पैशांचा मार्गही बंद.

फोन कुणाला, कोणत्या क्रमाने

स्वतःचा मोबाइल आत असतो, हे गृहीत धरा. म्हणून दोन नंबर तोंडपाठ असायलाच हवेत: घरातल्या एकाचा आणि घरमालकाचा. चावीवाल्याला ओळख दाखवायला आधार डिजिलॉकरमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दुसऱ्याच्या मोबाइलवरून उघडायला गेलात तर ओटीपी आतल्या मोबाइलवर जाऊन वाजतो.

पहिला फोन दुसरी चावी ज्याच्याकडे असेल त्याला. तो अर्ध्या-पाऊण तासात पोहोचणार असेल तर चावीवाला बोलावूच नका. समोरच्या बेनकडे चहा घ्या. बडोद्यात बंद दारासमोर उभ्या असलेल्या माणसाला चहा मिळत नाही असं होत नाही. ओळख नसेल तर त्या चहाने होते.

भाड्याने राहत असाल तर दुसरा फोन घरमालकाला. त्याच्याकडे बहुधा एक चावी असतेच. नसली तरी त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या दाराला ड्रिल लावू नका. नाही तर लॉकचे, पॉलिशचे आणि मनस्तापाचे पैसे डिपॉझिटमधून जातील. फोनवर बोलणं झालं की "आपल्या सांगण्यावरून लॉक उघडून घेत आहे" असा मेसेज कुणाच्या तरी मोबाइलवरून पाठवून ठेवा. खोली चौघांत घेतलेल्या विद्यार्थ्यांनी हे आधीच ठरवून घ्यावं. ज्याने चावी विसरली त्याने पैसे द्यायचे की चौघांनी, यावर मी मध्यरात्री भांडणं ऐकली आहेत.

घरमालकानेच वादातून दुसरं कुलूप ठोकलं असेल तर मात्र चावीवाल्याचं काम नाही. तिथे ११२ किंवा पोलीस चौकी. तसंच घरी आलात आणि लॅच उचकटलेला दिसला तर आत जाऊ नका, कशाला हात लावू नका, बाहेरूनच फोन करा.

रात्री उशिरा एकटी बाई अडकली असेल तर १८१ ही अभयम हेल्पलाइन चोवीस तास चालते. चावीवाला येऊन जाईपर्यंत सोबत कुणीतरी असू द्या, वॉचमन तरी.

चावीवाला

आता तो शोधायचा कसा? मीटरच्या पेटीवर, लिफ्टमध्ये, जिन्यात "चावीवाला २४ तास" अशी चिकटवलेली कागदं दिसतात. नाव नाही, दुकान नाही, फक्त नंबर. मी त्या दिवशी वॉचमनच्या फोनवरून तोच लावला. फोनवर ३०० रुपये सांगितले. दीड तासाने एक मुलगा आला. दार बघितलं न बघितलं, पिशवीतून ड्रिल काढलं आणि म्हणाला, तोडावं लागेल, २,५०० होतील.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे काका गच्चीवरून खाली उतरत होते. चार पिढ्या दांडिया बाजारात काढलेलं घराणं, आता फ्लॅटमध्ये आलेलं. मराठीत सुरू झालेलं वाक्य गुजरातीत संपवतात. त्यांनी त्या मुलाला शांतपणे येण्याचे पैसे देऊन वाटेला लावलं आणि ओळखीच्या हार्डवेअरच्या दुकानदाराला फोन केला. दुकान अर्थातच बंद. दुकानदाराने त्याच्या माहितीतल्या चावीवाल्याला पतंग खाली घ्यायला लावला. तो आला तेव्हा त्याच्या दोन्ही तर्जन्यांना मांज्यासाठी लावलेल्या पट्ट्या तशाच होत्या, आणि दारात पाऊल टाकताच त्याने विचारलं, "दरवाजो खाली खेंचाई गयो छे, के चावीथी लोक कर्यो'तो?" म्हणजे, दार नुसतं ओढलं गेलंय, की चावीने लॉक केलं होतं? खेंचाई गयो छे, म्हटल्यावर त्याने खिशातून जुन्या एक्स-रेची फिल्म काढली. मी "चहा ठेवू का" विचारेपर्यंत दार उघडलं होतं. लॅचवर ओरखडा नाही.

तेव्हापासून माझी परीक्षा हीच आहे. आल्यावर, किंवा त्याहून बरं म्हणजे फोनवरच, जो हा प्रश्न विचारतो तो कारागीर. जो विचारण्याआधी ड्रिल काढतो त्याला परत पाठवा.

म्हणून नंबर घ्यायचा तो जवळच्या हार्डवेअरच्या किंवा प्लायवूडच्या दुकानातून, नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरीकडून. त्यांचा रोजचा संबंध असतो, माणूस गडबड करत नाही. इंटरनेटवरून घेतलाच तर विचारा, "भाई, दुकान क्यां छे?", म्हणजे दुकान कुठे आहे? उत्तर गोलमोल आलं तर ठेवून द्या.

ज्यांना गुजराती येत नाही त्यांच्यासाठी चार वाक्यं. हिंदीत काम भागतं, पण यांनी भाव लवकर जमतो:

"चावी अंदर रही गई छे." चावी आत राहिलीय.
"चावी खोवाई गई छे." चावी हरवलीय.
"तोडवुं नथी, खोलवुं छे." तोडायचं नाहीय, उघडायचंय.
"बधा मळीने केटला थशे?" सगळे मिळून किती होतील?

शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. पैसे तीन तुकड्यांत विचारा: येण्याचे, उघडण्याचे आणि सिलिंडर बदलावा लागला तर त्याचे. रात्रीचे आणि सणाचे जास्त लागतात, ते मान्य करावं. उत्तरायणाला पतंग सोडून आलेल्या माणसाशी मी घासाघीस केली नाही. पण आकडा दाराला हात लागण्याआधी ठरला पाहिजे. दार उघडल्यावर ठरवायला गेलं की तो म्हणेल तेच खरं.

चांगला चावीवाला तुम्हालाही प्रश्न विचारेल: घर तुमचंच कशावरून? वाईट वाटून घेऊ नका. ज्याला हे विचारावंसं वाटत नाही, तो उद्या दुसऱ्या कुणालाही तुमचं दार उघडून देईल. ओळखपत्र आत असतं, म्हणून शेजारी किंवा सेक्रेटरी साक्षीला उभे करा, वॉचमनच्या वहीत त्याचं नाव आणि वेळ लिहायला लावा, आणि दार उघडल्यावर आतून आधार किंवा लाइट बिल आणून दाखवा. काम चालू असताना दारापाशीच थांबा.

दार उघडल्यावर

चावी आतच होती तर काम संपलं. चावी बाहेर हरवली असेल तर नाही. नवरात्रात हे फार होतं. चणियाचोळीला खिसा नसतो, चावी कमरेला खोचलेली, गरब्याच्या मैदानात हजारो पाय. नुसती चावी पडली असेल तर ती कुठल्या दाराची हे कुणाला कळणार नाही. पण पर्स गेली असेल आणि तिच्यात पत्ता असलेलं काही असेल, तर सिलिंडर दुसऱ्याच दिवशी बदला.

पूर्ण लॉक बदलायची गरज बहुधा नसते. मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत बसवलेलं कुलूप, असेल तर दाराच्या कडेला, चावीच्या भोकाच्या रेषेत, एक लांब स्क्रू असतो. तो काढला की चावी अर्धवट फिरवून सिलिंडर बाहेर सरकतो. जुना सिलिंडर रुमालात गुंडाळून दुकानात घेऊन जा. ६० मिलिमीटरचा आहे की ७०चा, हे डोळ्यांनी कळत नाही आणि चुकीचा आणला तर बसत नाही. नाइट लॅच असेल तर दुकानदाराला लॅचचा फोटो दाखवा.

जादा चावी कुठे ठेवायची? चपलांच्या रॅकमध्ये नाही, तुळशीच्या कुंडीखाली नाही, मीटरच्या पेटीत नाही, पायपुसण्याखाली तर नाहीच. चोर आपल्याइतकाच विचार करतो. एक शेजाऱ्यांकडे, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. चावीला घर नंबराचं लेबल लावू नका, रंगीत दोरा बांधा. आमची समोरच्या बेनकडे हिरव्या दोऱ्याने आहे, त्यांची आमच्याकडे लाल. त्या अमेरिकेला मुलाकडे गेल्या की झाडांना पाणीही मीच घालते.

आणि डुप्लिकेट करून आणलेली चावी तशीच कुणाकडे देऊन टाकू नका. दार उघडं ठेवून, बाहेरच्या बाजूने, दोन-तीनदा फिरवून बघा. माझी पहिली डुप्लिकेट भोकात जात होती, अर्धी फिरत होती आणि तिथेच अडकत होती. दुकानदाराने कानसीचे दोन हात मारून दिले, पैसे घेतले नाहीत.